पेनिशच्या किल्ल्यातील कैदी : त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा

हिवाळा आला की मोशीहून गोव्याच्या सहलीच्या गाड्या सुटतात. आता त्यांत आपल्या वस्तीतील कुटुंबेही असतात, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते, त्यांची नातवंडे समुद्रात पाय भिजवतात. तुम्ही आग्वादचा किल्ला पाहता, दीपगृहाशेजारी फोटो काढता. पण त्याच किल्ल्याच्या खालच्या अंगाला, पाण्यालगत, एक तुरुंग होता. बोलल्याबद्दल माणसे तिथे डांबली जात. त्यांतल्या एकाची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी चांदर या गावी झाला. घर ख्रिस्ती, सुखवस्तू आणि शिकलेले. म्हणजे ज्याला पोर्तुगीज राज्यात काहीच कमी पडले नसते, असा हा माणूस. पणजी व पाँडिचेरी येथे शिकून ते पॅरिसला गेले आणि विजेचे इंजिनिअर झाले. त्या काळी पॅरिसमध्ये अनेक गुलाम देशांतील तरुण एकत्र येत. कुन्हा त्यांच्यात मिसळले आणि फ्रेंच वृत्तपत्रांत हिंदुस्थानची बाजू मांडू लागले. १९१९ चे जालियनवाला बागेचे हत्याकांड फ्रेंच वाचकांना समजावे म्हणून त्यांनी लिहिले. आपल्या माणसांना घरी बोलता येत नसेल तर बाहेर असलेल्यांनी बोलले पाहिजे, हा धडा त्यांनी तिथे घेतला. पुढे तोच त्यांना दोनदा उपयोगी पडला.

१९२६ मध्ये ते गोव्यात परतले. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. पण त्याच सुमारास पोर्तुगालमध्ये सालाझारचा अंमल बसू लागला होता. १९३० मध्ये वसाहतींचा कायदा आला. परक्या मुलखांवर मालकी गाजवणे व तेथील लोकांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगालचे कार्यच आहे, असे त्यात लिहिले होते. विचार करा, दुसऱ्याच्या घरात शिरून त्यालाच रानटी ठरवायचे, आणि तेही कायद्याने! कुन्हांचे मेव्हणे लुईस द मिनेझीस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात या कायद्याविरुद्ध ठराव मांडला. पुढे वृत्तपत्रांवर पहारा बसला. परवानगीवाचून सभा घेता येईना. लग्नपत्रिकासुद्धा सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे.

हे वाचून तुम्हाला वाटेल की तिथे लोक रोज रस्त्यावर उतरत असतील. तसे नव्हते. पुष्कळांना ते राज्य आपलेच वाटत होते, आणि कुन्हांना खरे दुःख याचेच होते. १९४४ मध्ये त्यांनी एक छोटे इंग्रजी पुस्तक लिहिले. गोवेकर आपलेपण कसे हरवून बसला, हा त्याचा विषय. परक्याची भाषा मोठी आणि आपली हलकी, परक्याचा पोशाख सभ्य आणि आपला गावंढळ, असे चारशे वर्षे शिकवले की साखळदंड लागतच नाही, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पुस्तक कडक आहे. स्वतःच्या वर्गातील माणसांना तर ते मुळीच सोडत नाहीत. कुठे कुठे मला ते जरुरीपेक्षा कठोर वाटते, कारण ज्याच्या मनावर पिढ्यान् पिढ्या घाव पडले त्याला केवळ दोष देऊन भागत नाही. पण आपल्याला हा रोग अनोळखी नाही. वरचे बसतात तिथे आपण बसायचे नाही, हे आपल्या आजी-आजोबांना कोणी रोज येऊन सांगत नव्हते. ते त्यांच्या मनातच बसलेले होते.

इथे नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांच्या मनात एक शंका येईल. गोव्यात धर्मांतराने माणूस आपल्या मातीपासून तुटला, तर मग आमचे काय? भेद नीट पाहा. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय होते. मधली काही वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. धर्मात आणले तेही धाकाने, आणि त्या धर्माबाहेरचे जुने काही पाळले तर शिक्षा. १६८४ मध्ये तर लोकांची कोंकणी भाषाच बंद करण्याचा हुकूम निघाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे लाखो लोक उभे राहिले, त्यांना कोणी शिपाई हाकून आणत नव्हते. ते आपल्या पायांनी आले, आणि आले ते याच भूमीत जन्मलेल्या धम्माकडे. धर्म बदलण्यात खोट नसते, सक्तीत असते.

कुन्हांच्या कामातला एक भाग मला विशेष मोलाचा वाटतो. गोव्यातील गरीब कुणबी कुटुंबांना आसामच्या चहामळ्यांवर मजूर म्हणून पाठवण्याचा धंदा सुरू झाला होता. कुन्हांनी त्याविरुद्ध लिहिले, लोकांना जागे केले. आपल्याकडे मोशी-चाकण भागात पहाटे नाक्यावर उभे राहणारे मजूर तुम्ही पाहता. ठेकेदाराने गाडीत भरून आणलेल्या माणसाला आपला हक्क काय आणि मालक कोण, हेच ठाऊक नसते. मग घरापासून शेकडो कोस लांब, परक्या भाषेच्या मुलखात, त्या कुणब्यांचे काय होत असेल? राजकीय हक्कांची भाषा बोलणारे पुष्कळ असतात. त्या हक्कांत मळ्यावरच्या मजुरालाही धरणारे थोडे.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावला बंदी मोडून सभा घेतली आणि दबलेला गोवा हलला. पुढील काही दिवसांत कुन्हाही उभे राहिले. जुलैमध्ये त्यांना पकडून आग्वादच्या अंधाऱ्या कोठडीत टाकले आणि लष्करी न्यायालयापुढे उभे केले. लष्करी न्यायालयापुढे खटला चाललेले ते पहिले नागरिक गोवेकर. पंचावन्न वर्षांचा इंजिनिअर, हातात शस्त्र नाही, गुन्हा भाषणाचा, आणि शिक्षा आठ वर्षांची. ती भोगायला त्यांना पोर्तुगालमधील पेनिश येथील सागरी किल्ल्यात पाठवले. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांचीही रवानगी तिकडेच झाली.

हद्दपारी ही शिक्षा का देतात, हे समजून घ्या. माणूस गावच्या तुरुंगात असेल तर त्याची बातमी भिंतीबाहेर येते, लोक दारात जमतात. समुद्रापार नेला की त्याच्या लोकांना तो मेल्यासारखाच. पण पेनिशमध्ये कुन्हांना खुद्द पोर्तुगीज कैदीही दिसले असणार, कारण सालाझार आपल्या विरोधकांनाही त्याच किल्ल्यात कोंडत असे. जे राज्य गोवेकराचे तोंड बांधत होते ते लिस्बनच्या कामगाराचेही बांधत होते.

१९५० मध्ये सुटका झाली ती नावापुरती. लिस्बनमध्ये राहायचे आणि पोलिसांच्या नजरेत राहायचे. १९५३ मध्ये त्यांनी पहारा चुकवला, फ्रान्स गाठले आणि तिथून मुंबईला आले. वय बासष्ट. एखाद्याने म्हटले असते, पुरे झाले.

मुंबईत तेव्हा गोवेकरांची मोठी वस्ती होती. धोबी तलावाच्या बाजूला एकेका गावाच्या नावाचे कूड, म्हणजे सामायिक बिऱ्हाड, असे. त्यांत बोटीवरचे खलाशी, आचारी, वाजंत्री राहत. गोव्यात जे कुजबुजता येत नव्हते ते इथे मोठ्याने बोलता येत होते. मात्र सगळे एका मताचे नव्हते. कोणाची आई गावी होती, कोणाची शेती होती, कोणाला पोर्तुगीज गेले तर आपल्या धर्माचे काय ही भीती होती. अशा विखुरलेल्यांना कुन्हांनी गोवा कृती समितीत आणण्याचा प्रयत्न केला आणि ‘फ्री गोवा’ हे पत्र काढले. दूर राहून लढणाऱ्याला घरच्या माणसांवर सूड उगवला जाईल ही धास्ती कायम असते. म्हणून जे गप्प राहिले त्यांना भ्याड म्हणायला माझी जीभ वळत नाही.

काळ ध्यानात यावा म्हणून सांगतो, याच दिवसांत, २५ डिसेंबर १९५४ रोजी, बाबासाहेबांनी आपल्या शेजारच्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. आणि याच दिवसांत पुण्याहून गोव्याकडे सत्याग्रहींच्या तुकड्या निघत होत्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे पडली. त्यांत पनवेलचे हिरवे गुरुजी होते. मी स्वतः शाळेत शिकवतो. वर्ग सोडून एक मास्तर त्या हद्दीवर गेला, हे मुलांना सांगताना आवाज बदलतो.

कुन्हांना मुक्त गोवा पाहायला मिळाला नाही. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांना ठेवले गेले. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. पोर्तुगालमधील हुकूमशाही त्यानंतरही टिकली. ती १९७४ च्या एप्रिलमध्ये गेली आणि पेनिशचे दरवाजे उघडले. त्या किल्ल्यात आता संग्रहालय आहे. आग्वादच्या तुरुंगाचेही २०२१ मध्ये संग्रहालय झाले आहे.

१९८६ मध्ये कुन्हांचे अवशेष मुंबईहून गोव्यात नेण्यात आले. पणजीच्या आझाद मैदानावर त्यांचे स्मारक आहे. सहलीची गाडी पणजीत बाजारासाठी थांबते तेव्हा तिथवर चालत जाऊन येण्याइतका वेळ असतो. मुलांना बरोबर घेऊन जा.