आद्य कवयित्री महदंबा

तेराव्या शतकातील महदंबा या बालविधवा होत्या. त्या काळी विधवेला मंगलकार्यात स्थान नसे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांनी मात्र स्त्रियांनाही संन्यासाचा अधिकार दिला. महदंबा त्यांच्या शिष्या झाल्या. पुढे रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा मांडण्यात आला, तेव्हा त्यांनी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर उत्स्फूर्तपणे धवळे, म्हणजे वराची मंगलगीते, गायिले. कालांतराने पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहिले गेले आणि धवळेही पंथाबाहेर शतकानुशतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आदी संशोधकांनी या लिपीचा उलगडा केला. विवाहगीते गाणाऱ्या या संन्यासिनी आज मराठीच्या आद्य कवयित्री म्हणून ओळखल्या जातात.