हेर्मान हेल्महोल्ट्झ आणि डोळ्याचा आरसा

दुसऱ्याच्या डोळ्यांत कितीहि निरखून पाहिलें तरी बाहुली काळीच दिसते. डोळ्यांत प्रकाश तर जातो; मग आंतील कांहींच कां दिसूं नये, असा प्रश्न आमच्या विद्यार्थी वाचकांपैकीं कोणाला पडला असेल तर तो शहाणाच प्रश्न होय. जिवंत माणसाच्या डोळ्यांतील पडदा वैद्यांना शेंकडों वर्षें पाहतां आला नाहीं. ज्यांच्या युक्तीमुळें तो दिसूं लागला त्या हेर्मान हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन पंडितांचें चरित्र आम्ही येथें देत आहों. तें देण्यास एक घरगुती कारणहि आहे. मधुमेह आज आपल्या पुष्कळ घरांत शिरला आहे, आणि त्यापासून डोळ्यांना होणारी इजा वेळींच ओळखण्याचा मार्ग ह्याच गृहस्थांनीं उघडून दिला.

हेल्महोल्ट्झ ह्यांचा जन्म ता. ३१ ऑगस्ट १८२१ रोजीं बर्लिनजवळील पोट्सडाम गांवीं झाला. वडील तेथील विद्यालयांत शिक्षक होते. प्राप्ति बेताचीच होती. लहानपणीं हेर्मान सारखा आजारी असे. घरांत बसून तो लांकडी ठोकळ्यांचे खेळ मांडी, आणि पुढें शाळेंत भूमिति सुरू झाली तेव्हां तिच्यांतील पुष्कळ गोष्टी ठोकळ्यांनीं त्याला आधींच शिकविलेल्या निघाल्या. पाठांतर मात्र त्याला साधत नसे. सुटे शब्द, व्याकरणांतील अपवाद, गद्य उतारे ह्यांनीं तो अगदीं जेरीस येई. वर्गांत लॅटिन ग्रंथांचें वाचन चाललें असतां हा मुलगा मेजाखालीं दुर्बिणींतून किरण कसे जातात ह्याचीं गणितें करीत बसे. हें आम्ही अनुकरणासाठीं सांगत नाहीं. परंतु पाठांतर येत नाहीं तो मुलगा मंदच, असें मानणाऱ्या पालकांनीं ध्यानांत घेण्यासारखें आहे खरें.

मुलाला पदार्थविज्ञान शिकावयाचें होतें, पण तो खर्च वडिलांना झेपण्यासारखा नव्हता. बर्लिन येथें लष्करासाठीं डॉक्टर तयार करणारी एक सरकारी संस्था होती. तेथें शिक्षण मोफत मिळे. मोबदला म्हणून पुढें आठ वर्षें सैन्यांत चाकरी करावी लागे. १८३८ सालीं हेल्महोल्ट्झ तेथें दाखल झाले. १८४१ मध्यें टायफसच्या तापानें त्यांना शारिटे रुग्णालयांत पडून राहावें लागलें. विद्यार्थी म्हणून औषधपाणी फुकट झालें, आणि तेवढ्या काळांत विद्यावेतनाची जी शिल्लक पडली तींतून बरे झाल्यावर त्यांनीं एक लहानसा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. यंत्र सामान्यच होतें. तरी मज्जातंतु हे मज्जापेशींपासून निघतात, हें त्यांनीं त्याच यंत्रानें पाहिलें व १८४२ च्या आपल्या पदवीच्या प्रबंधांत मांडलें.

१८४७ सालीं, लष्करी डॉक्टरच्या नोकरींत असतांनाच, शक्तीचें रूप पालटतें पण ती नाश पावत नाहीं हा सिद्धांत त्यांनीं गणितानें मांडला. मायर व जूल हेहि स्वतंत्रपणें ह्याच विचाराकडे आले होते, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. त्या काळच्या प्रमुख मासिकानें हा निबंध छापण्याचें नाकारलें. तेव्हां तो लहान पुस्तकरूपानें निघाला. दुसऱ्याच वर्षीं सरकारनें त्यांना सैन्यांतून मोकळें केलें आणि १८४९ मध्यें क्योनिग्सबेर्ग येथील विद्यापीठांत शरीरशास्त्राचे प्राध्यापक नेमलें. त्याच वर्षीं त्यांचा विवाह झाला.

मांजराचे डोळे अंधारांत चमकतात हें सर्वांस ठाऊक आहे. माणसाच्या डोळ्यांतहि तशी चमक दिसूं शकते, हें हेल्महोल्ट्झ ह्यांचे स्नेही ब्र्यूके ह्यांनीं दाखविलें होतें. १८५० सालीं ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना कशी समजावून द्यावी ह्याचा विचार करीत असतां त्यांच्या मनांत आलें कीं, डोळ्यांतून परत येणाऱ्या ह्या किरणांनीं चित्र कशाचें उमटेल? उत्तर सरळ होतें. प्रकाश ज्या वाटेनें आंत जातो त्याच वाटेनें तो परत दिव्याकडे येतो. तो पाहावयाचा तर आपला डोळा दिव्याच्याच जागीं पाहिजे. आणि तेथें डोकें नेलें कीं दिवाच झांकला जातो. बाहुली काळी दिसण्याचें सारें रहस्य एवढेंच.

मग त्यांनीं दिवा बाजूस ठेवला आणि दोन डोळ्यांच्या मध्यें कांच तिरपी धरली. दिव्याचा उजेड कांचेवरून परावर्तन पावून रोग्याच्या डोळ्यांत शिरे, आणि परत येणाऱ्या उजेडाचा कांहीं भाग कांचेंतून आरपार पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येई. पुठ्ठा, सरस, चष्म्याचीं भिंगें आणि सूक्ष्मदर्शकाच्या कामीं येणाऱ्या पातळ कांचा, एवढ्या सामग्रींतून हें यंत्र उभें राहिलें. आठवडाभर खटपट केल्यावर त्यांना जिवंत डोळ्याचा पडदा व त्यावर पसरलेल्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसल्या. जर्मन भाषेंत त्यांनीं ह्या यंत्राला डोळ्याचा आरसा असें नांव दिलें. डिसेंबर १८५० मध्यें बर्लिनच्या पदार्थविज्ञान मंडळाला हा शोध कळविला गेला व १८५१ सालीं त्याचें वर्णन पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें. इंग्लंडांत गणकयंत्राचे कर्ते बॅबेज ह्यांनीं थोडें आधीं असेंच एक यंत्र केलें होतें. पण ज्या नेत्रवैद्यांस तें दाखविलें त्यांना त्याचें महत्त्व वाटलें नाहीं.

आरशाचें स्वागत सगळीकडे सारखें झालें नाहीं. एका नामांकित शस्त्रवैद्यानें आजारी डोळ्यांत एवढा उजेड सोडणें धोक्याचें ठरविलें. दुसऱ्यानें तर हें यंत्र अधू दृष्टीच्या वैद्यांसाठीं ठीक आहे, आपले डोळे चांगले आहेत, असें सांगून तें बाजूस सारलें! पण बर्लिनचे तरुण नेत्रवैद्य ग्रेफे ह्यांनीं तें आनंदानें हातीं घेतलें आणि थोड्याच वर्षांत नेत्रवैद्यकाचें रूप पालटलें.

हेल्महोल्ट्झ ह्यांचें पुढील आयुष्य मोठ्या मानाचें गेलें. बॉन, हायडेलबेर्ग व बर्लिन येथें ते प्राध्यापक झाले. दृष्टीवर व नादावर त्यांनीं मोठे ग्रंथ लिहिले. विद्युत्‌लहरी शोधणारे हेर्ट्झ हे त्यांचेच शिष्य. पहिली पत्नी १८५९ मध्यें वारली, आणि हेर्ट्झहि १८९४ च्या पहिल्याच दिवशीं अवघ्या ३६ व्या वर्षीं गेले. त्याच वर्षीं ता. ८ सप्टेंबर रोजीं हेल्महोल्ट्झ ह्यांनीं देह ठेवला.

आतां त्या आरशाकडे पुन्हां वळूं. तो निघाल्यास पांचसहा वर्षें होतात न होतात तोंच व्हिएन्नाचे नेत्रवैद्य येगर ह्यांना मधुमेही माणसाच्या पडद्यावर रोगाच्या खुणा दिसल्या. हा मधुमेहाचाच परिणाम, हें ग्रेफे ह्यांच्यासारख्यांना मात्र पटलें नाहीं. पुढें १९२२ पासून इन्सुलिन मिळूं लागलें, मधुमेही माणसें दीर्घकाळ जगूं लागलीं, आणि ह्या नेत्ररोगाचा पसारा सर्वांच्या लक्षांत आला. डॉक्टर त्यास डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात.

ह्या रोगाची रीत मोठी चोरट्याची आहे. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे पडद्यांतील केसाहून बारीक रक्तवाहिन्या दुबळ्या होतात. त्यांवर लाल ठिपक्यांसारखे फुगवटे येतात व त्यांतून रक्त आणि पाणी पाझरूं लागतें. पुढें कांहीं वाहिन्या बंद पडतात, आणि उपाशी पडदा नव्या वाहिन्या फुटण्यास चिथावणी देतो. ह्या नव्या वाहिन्या अति नाजूक. त्या फुटल्या तर डोळ्यांत रक्त पसरून एकाएकीं अंधारी येते, किंवा पडदा ओढला जाऊन सुटतो. तोंपर्यंत दुखणें नाहीं, लाली नाहीं, पुष्कळदां धूसरपणाहि नाहीं. वर्तमानपत्र वाचतां येतें, सुईंत दोरा ओवतां येतो, मग डॉक्टरकडे कशाला, असें म्हणणारे वडीलधारे आमच्या पाहण्यांत पुष्कळ आहेत. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, ही समजूतहि तशीच चुकीची. नंबर काढतांना पडदा पाहिलेला असतोच असें नाहीं.

२०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें भारतांत सुमारें दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. प्रौढपणीं होणाऱ्या मधुमेहांत रोग कळतांच एकदां व नंतर साधारणतः दरवर्षीं पडदा तपासावा. लहान वयांत मधुमेह झाला असेल तर पांच वर्षांच्या आंत ही तपासणी सुरू करावी, असा प्रघात आहे. साखर व रक्तदाब ताब्यांत ठेवणें हा पहिला उपाय. शिवाय लेसरचे किरण व डोळ्यांत देण्याचीं इंजेक्शनें ह्यांनीं रोग पुष्कळ अंशीं थोपवितां येतो. गेलेली दृष्टि मात्र पुरती परत येईलच असें नाहीं. म्हणून तक्रार नसतांनाच जावयाचें.

तपासणींत भिण्यासारखें कांहीं नाहीं. बाहुली मोठी होण्यासाठीं थेंब घालतात. ते क्षणभर झोंबतात. मग डॉक्टर यंत्रानें आंत पाहतात, किंवा कॅमेऱ्यानें पडद्याचें चित्र घेतात. त्या कॅमेऱ्यांतहि उजेड बाहुलींतूनच आंत जातो व तींतूनच परत येतो. थेंबांमुळें पुढें कांहीं तास जवळचें अंधुक दिसतें आणि उन्हाचा त्रास होतो. तेव्हां वडिलांनीं किंवा आजींनीं त्या दिवशीं स्वतः वाहन चालवूं नये. आणि घरीं परततांना हात धरण्यास आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणीतरी बरोबर जावें.