आगकाड्या नाचविणारे दादासाहेब

नाताळ जवळ आला की वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांतील घरांवर चांदण्या लागतात, अंगणात गोठे सजतात. शाळांना सुटी पडते आणि मुले दूरचित्रवाणीसमोर ठाण मांडून बसतात. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीला अशा सुट्यांबरोबर आठवतात ती दूरदर्शनवरील हलती-बोलती चित्रे. १९७४ साली तयार झालेला 'एक अनेक और एकता' हा चिमुकला बोधपट आणि १९९३ मध्ये रविवारची सकाळ गाजविणारे 'जंगल बुक' ही त्यातली ठळक नावे. अमेरिकेत तर रुडॉल्फ नावाच्या लाल नाकाच्या रेनडिअरचा, ६ डिसेंबर १९६४ रोजी प्रथम दाखविलेला बाहुलीपट आजही दर नाताळात दाखविला जातो. आजोबांनी पाहिलेला चित्रपट नातू त्यांच्या शेजारी बसून पाहतो.

रुडॉल्फचे तंत्र तसे साधे. बाहुली तसूभर हलवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची, पुन्हा टिपायचे. हीच युक्ती त्याच्या जवळपास अर्धशतक आधी एका मराठी माणसाने योजली होती. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. मात्र आपल्याकडील अॅनिमेशनचा प्रारंभही त्यांच्याच हातून झाला, याचा विसर पडतो. ते म्हणजे धुंडिराज गोविंद उपाख्य दादासाहेब फाळके.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईतील जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे चित्रकला, छायाचित्रण यांचे शिक्षण झाले. गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, मुद्रणाचा कारखाना असे अनेक उद्योग त्यांनी केले. भागीदारांशी न पटल्याने भरभराटीला आलेला छापखाना सोडून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती.

अशा पडत्या काळात, १९१०-११ च्या सुमारास, एका ख्रिस्ती सणाच्या निमित्ताने मुंबईत येशूच्या जीवनावरील मूकपट लागला होता. तो पाहताना फाळके यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. सणाच्या त्या चित्रपटाने त्यांचे आयुष्यच पालटले. चित्रपट पाहण्याच्या अतिरेकाने काही काळ त्यांची दृष्टीही अधू झाली. पण ध्यास सुटला नाही. १९१२ मध्ये ते इंग्लंडला जाऊन तंत्र शिकून आणि कॅमेरा घेऊन परतले.

या धंद्यात पैसा घालायला कोणी तयार होईना. तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची थोडी थोडी चित्रे दिवसेंदिवस टिपली. पडद्यावर काही क्षणांतच अंकुर फुटून वेल वर चढताना दिसला आणि धनिकाचा विश्वास बसला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने गहाण ठेवू दिले. चित्रफितीवरील प्रक्रियेपासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत साऱ्याचा भार उचलला. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. परदेशातून येणारी कच्ची फिल्म दुर्मिळ झाली, भांडवल आटले. मोठा पौराणिक चित्रपट हाती घेणे कठीण झाले, म्हणून फाळके छोट्या चित्रपटांकडे वळले. १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' तयार केली. तिच्यात नट नव्हते, पोशाख नव्हते, राजवाडे नव्हते. घरातल्या काडेपेटीतील काड्या त्यांनी एकेका चौकटीसाठी किंचित सरकवल्या आणि पडद्यावर त्या आपोआप हलू लागल्या. वाटाण्याच्या वेलीत निसर्ग स्वतःच वाढत होता. येथे निर्जीव काडीला चालते करण्याचे काम माणसाच्या हाताने आणि चिकाटीने केले.

पुढे 'लंकादहन' (१९१७) आणि कन्या मंदाकिनीला कृष्णाच्या भूमिकेत आणणारा 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांनी अमाप लोकप्रियता मिळविली. बोलपटांच्या युगात मात्र फाळके मागे पडले. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी जगाचा निरोप घेतला. अखेरची वर्षे विपन्नावस्थेत आणि विस्मृतीत गेली.

'राजा हरिश्चंद्र' व 'कालियामर्दन' यांचे काही भाग आज पाहता येतात. 'आगकाड्यांची मौज' मात्र काळाच्या उदरात गडप झाली. बालपणीच्या चित्रांची ओढ टिकते ती चित्रे पुन्हा पाहता येतात म्हणून. रुडॉल्फ जपला गेला, म्हणून तो तीन पिढ्यांचा झाला. फाळके यांच्या काड्यांना ते भाग्य लाभले नाही. पुरस्काराला त्यांचे नाव देऊन आपण कृतज्ञता व्यक्त केली आहे. जुन्या बालचित्रपटांच्या ज्या चित्रफिती अद्याप हाती आहेत, त्या सांभाळल्या तर ती कृतज्ञता पूर्ण होईल.