हेल्मेटमागचा डॉक्टर: ह्यू केर्न्स आणि लष्करातले बाइकस्वार

मागच्या पावसाळ्यात माझा रूममेट रात्री ऑफिसवरून येताना घसरला. स्पीड फार नव्हता, चाळीसच्या आसपास. हेल्मेटला उजव्या कानाच्या वर तडा गेला होता, डोक्याला बाहेरून ओरखडाही नव्हता. पण हॉस्पिटलमध्ये तो मला एकच प्रश्न विचारत राहिला, गाडी कुठंय? मी सांगायचो, आणि दोन मिनिटांनी परत तेच. सकाळी तो ठीक होता, स्कॅनही नॉर्मल आला. फक्त मधले साधारण दोन तास त्याच्या डोक्यातल्या लॉगमधून कायमचे गायब झाले होते. डॉक्टरांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्या दोन तासांबद्दलच विचारले. शेवटचं काय आठवतं, आणि त्यानंतर पहिलं काय आठवतं?

स्कॅन नॉर्मल असताना हे कशाला, असा प्रश्न मला पडला. उत्तर शोधत वाचत गेलो आणि ह्यू केर्न्स या माणसापाशी येऊन पोचलो. न्यूरोसर्जरीच्या जगात हे नाव मोठं आहे. आपण रोज डोक्यावर जी वस्तू घालतो (किंवा आरशाला अडकवतो), ती सक्तीची होण्यात त्याचा मोठा हात आहे, हे मात्र फार कमी लोकांना माहीत असतं.

केर्न्सचा जन्म 1896 चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीचा. ॲडलेडला मेडिकलचं शिक्षण, मध्येच पहिलं महायुद्ध, त्यात लष्कराच्या वैद्यकीय दलात नोकरी. मग र्‍होड्स स्कॉलरशिप मिळवून तो ऑक्सफर्डला गेला. तिथे 1920 च्या केंब्रिजविरुद्धच्या प्रसिद्ध बोट रेसमध्ये त्याने ऑक्सफर्डकडून वल्हंही मारलं.

खरं वळण आलं 1926 मध्ये. फेलोशिप घेऊन तो बॉस्टनला हार्वी कुशिंगकडे गेला. मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शाखा म्हणून उभं करणारा हा माणूस. कुशिंगचं ऑपरेशन संथ चालायचं, रक्तस्राव कमीत कमी, आणि प्रत्येक पेशंटची नोंद बारीक. केर्न्सने तिथे हात तर साफ केलाच, पण कुशिंगच्या पेशंटांचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा करून एक सविस्तर अहवालही लिहिला. ऑपरेशन यशस्वी झालं एवढ्यावर न थांबता माणूस नंतर कसा जगला हे मोजणं, ही सवय त्याला तिथे लागली असावी असं मला वाटतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड डिप्लॉय करून घरी न जाता प्रॉडक्शनचे लॉग बघत बसणारा माणूस.

आता 1935. 13 मे रोजी इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये एक माणूस ब्रो सुपीरियर बाइकवरून बोव्हिंग्टनच्या लष्करी छावणीकडून घरी परतत होता. समोर सायकलवर दोन मुलं आली, त्यांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हा माणूस म्हणजे टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखतं. प्रसिद्धीला कंटाळून तो नाव बदलून हवाई दलात साधा शिपाईगडी म्हणून राहिला होता. 1927-28 मध्ये त्याची नेमणूक कराचीला होती, आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होतं. हवाई दल सोडून त्याला तीन महिनेही झाले नव्हते.

छावणीच्या हॉस्पिटलमध्ये तो सहा दिवस बेशुद्ध होता. उपचारासाठी जे डॉक्टर बोलावले, त्यांत लंडनहून आलेला केर्न्स होता. काही करता आलं नाही. 19 मे रोजी लॉरेन्स गेला, वय 46.

इंटरनेटवर ही गोष्ट अशी सांगतात की केर्न्सला धक्का बसला आणि त्याने लगेच हेल्मेटवर संशोधन सुरू केलं. सिनेमासाठी छान आहे, पण तारखा बघा. त्याचा पहिला पेपर आला 1941 मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. मधल्या काळात लॉर्ड नफिल्डने, म्हणजे सायकल दुरुस्तीपासून सुरुवात करून मोटारींचा कारखाना काढणाऱ्या विल्यम मॉरिसने, ऑक्सफर्डला वैद्यकीय संशोधनासाठी प्रचंड देणगी दिली होती. 1937 मध्ये केर्न्स तिथला सर्जरीचा पहिला नफिल्ड प्रोफेसर झाला. युद्ध सुरू झाल्यावर सेंट ह्यूज या मुलींच्या कॉलेजमध्ये डोक्याच्या दुखापतींचं खास लष्करी हॉस्पिटल उघडलं गेलं. एका पेशंटच्या मृत्यूपेक्षा या हॉस्पिटलमध्ये येत राहिलेल्या रांगेने केर्न्सला जास्त हलवलं असेल, असा माझा अंदाज.

त्या रांगेत बरेच जण डिस्पॅच रायडर होते. वायरलेसवरचं बोलणं शत्रू ऐकू शकतो, म्हणून कागदावरचे संदेश बाइकवरून पोचवणारे हे जवान. लष्कराचं त्या काळचं व्हॉट्सॲप म्हणा. बीएसए एम 20 आणि नॉर्टन 16 एच या जड गाड्या, ब्लॅकआउटमुळे हेडलाइट झाकलेला, रस्त्यावर अंधार, आणि चालवणारा बहुतेक वेळा विशीतला पोरगा. बॉम्ब पडायच्या आधीच खड्डा किंवा उभा ट्रक त्याला गाठायचा.

1941 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केर्न्सने आकडे मांडले. युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर 2279 बाइकस्वार आणि मागे बसलेले लोक मेले होते. भागाकार केला तर दिवसाला साडेतीन माणसं. मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण डोक्याची दुखापत, आणि बहुतेकांचं नुकसान हॉस्पिटलला पोचायच्या आधीच झालेलं. म्हणजे जगातला सर्वोत्तम सर्जनही उशिरा पोचणार. हेल्मेट घालून अपघात झालेले रायडर त्याला फक्त सात मिळाले, आणि सातही जिवंत होते.

सात म्हणजे सँपल फारच छोटं. कोड रिव्ह्यूमध्ये कुणी एवढ्या डेटावर निष्कर्ष काढला तर मी तो परत पाठवेन. पण लष्कराने वाट बघितली नाही. नोव्हेंबर 1941 मध्ये ड्यूटीवरच्या लष्करी बाइकस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं.

इथे लष्कराचा एक फायदा लक्षात घ्या. लष्करात रायडरला प्रशिक्षण देणं, गाडी देणं, कपडे देणं आणि नियम लावणं हे सगळं एकाच यंत्रणेच्या हातात असतं. आदेश निघाला की एका तारखेपासून सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. एकाच वेळी सगळ्या युजरना अपडेट ढकलल्यासारखं, 'नंतर आठवण करा' हे बटणच नाही. त्यामुळे आधी आणि नंतर अशी तुलना करता येते.

1943 मध्ये केर्न्सने होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञासोबत दुसरा पेपर लिहिला. या वेळी हेल्मेट घातलेले रायडर शंभराहून जास्त होते. दुखापत किती खोल हे मोजायला त्यांनी एक साधं माप वापरलं, अपघातानंतर किती वेळाची आठवण गेली. मिनिटं, तास की दिवस. स्कॅनर नव्हतेच, त्यामुळे मेंदूतला हा गॅपच त्यांचं मीटर होता. माझ्या रूममेटला विचारलेले प्रश्न याच खानदानातले. हेल्मेटवाल्यांमध्ये कवटी फुटण्याचं प्रमाण कमी होतं आणि हा गॅपही छोटा होता.

होलबर्नचं स्वतःचं काम तर फारच भारी. जिलेटिनचे मेंदू बनवून त्याने दाखवलं की धक्क्यापेक्षा डोकं झटकन फिरणं जास्त घातक असतं. खरवसाचा डबा घ्या. वरून दाबला तर खरवसाला फारसं काही होत नाही. डबा एकदम गरकन फिरवून थांबवा, आत चिरा पडतात. मेंदूचंही तसंच, तो दाबाला टिकतो, पिळाला नाही. आज काही महागड्या हेल्मेटमध्ये आत सरकणारा एक पातळ थर असतो, तो याच पिळाची काळजी घेतो.

तेव्हाची हेल्मेटं आजच्यासारखी नव्हती. रबराचं किंवा लगद्याचं कवच, आत पट्ट्यांचं जाळं, एवढंच. आज कवचाच्या आत थर्माकोलसारखा फोम असतो. धक्का बसला की तो चेपतो आणि तेवढी ऊर्जा डोक्यापर्यंत जात नाही. तो एकदाच चेपतो, परत फुगत नाही. म्हणून मोठी आपट बसलेलं हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसलं तरी संपलेलं असतं. (रूममेट त्याला फेविक्विक लावायला निघाला होता. मी ते लपवून ठेवलंय.)

1946 मध्ये केर्न्सने युद्धकाळातल्या बाइकस्वारांच्या मृत्यूंचा महिनावार आलेख छापला. नोव्हेंबर 1941 नंतर रेष उतरत जाते. प्रामाणिकपणे सांगायचं तर 1942 मध्ये नागरिकांचं रोजच्या वापराचं पेट्रोलही बंद झालं होतं, त्यामुळे सगळं श्रेय हेल्मेटला देता येणार नाही. पण दुखापतींच्या नोंदीही त्याच दिशेला बोट दाखवत होत्या.

बाकी आयुष्यात त्याने काय काय केलं त्याची यादी लांब आहे. रणांगणाजवळ जाणारी फिरती न्यूरोसर्जरी पथकं उभी केली. पेनिसिलिनवाल्या हॉवर्ड फ्लोरीसोबत 1943 मध्ये उत्तर आफ्रिकेत जखमी सैनिकांवर ते औषध वापरून पाहिलं. फ्लोरीही ॲडलेडचाच. डिसेंबर 1945 मध्ये कार अपघातात मान मोडलेल्या जनरल पॅटनसाठी त्याला जर्मनीला बोलावलं गेलं, तिथेही हाती काही लागलं नाही. 1946 मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. 1952 मध्ये कॅन्सरने तो गेला, 56 व्या वर्षी.

ब्रिटनमध्ये सामान्य बाइकस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं 1973 मध्ये. म्हणजे लष्करात 1941 ला लागू झालेली गोष्ट गेटच्या बाहेर यायला 32 वर्षं लागली. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 129 आहे, पगडी घालणाऱ्या शिखांना त्यात सूट आहे, आणि 2021 पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. आणि लष्कर अजूनही पुढेच आहे. अमेरिकी सैन्यात बाइक चालवायची तर आधी सेफ्टी कोर्स करावा लागतो, आणि हेल्मेटसोबत डोळ्यांचं संरक्षण, पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज, लांब बाह्या, लांब पँट आणि घोटा झाकणारे बूट, हे सगळं लागतं. छावणीत तर मागे बसणाऱ्यालासुद्धा.

मित्राच्या वडिलांच्या क्वार्टरवर जाताना मलाही एकदा लष्करी गेटवर थांबवलं होतं. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं, मागे बसलेल्या रूममेटच्या नव्हतं. जवानाने वाद घातला नाही, आवाजही चढवला नाही, फक्त बॅरिअर वर केला नाही. रूममेट उतरला आणि चालत आत गेला, दीड किलोमीटर, शिव्या घालत. दुसऱ्या दिवशी त्याने जे हेल्मेट घेतलं, ते आता तडा गेलेलं माझ्या कपाटात आहे.