नुसत्या होकारावर जाऊ नये

आमची आई रोज सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. तिला अडाणी म्हणायची कुणाची छाती नव्हती. सत्तरी ओलांडल्यावर तिला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. इस्पितळातून घरी सोडताना नर्सनं सगळं सांगितलं, समजलं का म्हणून विचारलं आणि आईनं मान डोलावली. शेजारी उभा राहून मीही डोलावली.

चार महिन्यांनी आई न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडली. पुन्हा इस्पितळ. या खेपेला एक पोक्त सिस्टर आल्या. गोळ्या वेळेवर घेता ना, असं त्यांनी विचारलंच नाही. स्टूल ओढून आईसमोर बसल्या आणि गेल्या आठवड्यात कोणत्या वारी, केव्हा, काय घेतलं ते आईलाच सांगायला लावलं. तेव्हा उलगडा झाला. गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घ्यायची होती. चातुर्मासात आई एकभुक्त, म्हणजे संध्याकाळी जेवणच नाही. मग जेवणानंतरची गोळी कशी घेणार? एकादशीला तर सकाळचीही नाही. तिच्या लेखी तिनं एकही सूचना मोडली नव्हती.

त्या सिस्टरांच्या विचारण्याच्या रीतीवरून मला एका जुन्या पुस्तकाची आणि ते लिहिणाऱ्या बाईंची आठवण झाली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना भेटलेलो असतो. हातात दिवा, रात्रीची वेळ, जखमी शिपाई. त्या दिव्याच्या उजेडात बाईंचं खरं काम मात्र झाकून गेलं.

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात १२ मे १८२० रोजी ती जन्मली, म्हणून नाव फ्लॉरेन्स. घर इंग्लंडातलं, गर्भश्रीमंत. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. धाकट्या फ्लॉरेन्सला आकड्यांचं वेड. सतराव्या वर्षी आपल्याला देवाचं बोलावणं आल्याची तिची खात्री झाली. पण नर्सचं काम त्या काळी कुलीन घरातल्या मुलीचं नव्हतं. आई आणि बहीण आडव्या आल्या. लग्नाची मागणी आली, ती तिनं नाकारली. १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थच्या संस्थेत तीन महिने शिकायला मिळालं, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. क्रिमियाचं युद्ध पेटलं आणि नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन बाई तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. त्यांनी स्वयंपाकघर, धुलाई, कपडेलत्ते मार्गी लावले. शिपायांसाठी वाचनालयं काढली. मला बँकवाल्याला विशेष भावते ती आणखी एक गोष्ट. शिपाई पगार दारूत उडवतात असं अधिकाऱ्यांचं ठाम मत. बाईंनी तो पगार घरी पाठवायची सोय केली आणि शिपायांनी भराभर पैसे पाठवले. त्यांना काय कळतं, हे त्यांच्याकडे बघून ठरवता येत नाही, हा धडा बाई तिथे शिकल्या.

दुसरा धडा कडू होता. त्या पहिल्या हिवाळ्यात बाईंची एवढी धडपड चालू असतानाही माणसं मरत राहिली. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य आयोगानं इमारतीखालची तुंबलेली गटारं साफ केली, हवा खेळती केली, तेव्हा कुठे मृत्यू झपाट्यानं घटले. मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीनं आकडे मांडताना बाईंना हे पुरतं उमगलं. ते त्यांनी लपवलं नाही, उलट रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे ठेवलं. आपल्याला वाटतं ते आणि प्रत्यक्षात असतं ते, यांतलं अंतर मोजल्याशिवाय कळत नाही, हे त्यांच्या मनात कायमचं रुजलं.

त्यातूनच १८५९ मध्ये ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे लहानसं पुस्तक आलं. त्यात रोग्याचं निरीक्षण कसं करावं यावर एक प्रकरण आहे. बाईंचं सांगणं असं, की ज्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं तो विचारू नये. रात्र बरी गेली का, हा तसा प्रश्न. एकाला दहा तास झोप लागली नाही तर रात्र वाईट वाटते, दुसऱ्याला अधूनमधून डोळा लागला तरी बरी. म्हणून किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या तासांत, ते विचारावं. रोगी जेवत नाही म्हणजे भूक नाही, असंही धरून चालू नये. रांधलेलं वाईट असेल, पदार्थ चुकीचा असेल, वेळ चुकली असेल. आणि बोलताना रोग्याला मान वळवावी लागणार नाही, अशा जागी समोर बसावं. आमच्या सिस्टरांचं स्टूल मला आठवलं.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात बाईंची नर्सिंग शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी पुस्तकाची स्वस्त आवृत्ती कष्टकरी घरांसाठी काढली आणि तान्हं बाळ सांभाळणाऱ्या मुलींसाठी तिच्यात नवं प्रकरण घातलं. क्रिमियाहून आल्यापासून बाई स्वतः आजारी. कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून त्यांनी पत्रांवर पत्रं लिहिली.

पुस्तक छापलं म्हणजे ते समजलं असं होत नाही, हे त्यांना दिसत होतं. म्हणून १८९२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी बकिंगहॅमशर परगण्यात नवा प्रयोग उभा केला. निवडक स्त्रियांना तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यानं शिकवायचं, खेड्यातल्या घरांत नेऊन दाखवायचं आणि मग त्यांनी घरोघर जाऊन आयांशी बोलायचं. आधी तिची चूल, तिचं पाणी, तिचं बाळ पाहायचं, तिच्या बोलीत बोलायचं आणि सांगितलेलं तिच्या हातून होतंय का ते बघायचं. नुसतं व्याख्यान झोडून परत यायचं नाही.

याच सुमारास त्यांचं लक्ष आपल्याकडेही होतं. बाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबई इलाख्यात १८८९ मध्ये ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. कायदा गावकऱ्यांना पटल्याशिवाय कागदावरच राहणार, हे त्या जाणून होत्या. खेड्यांत आरोग्याची माहिती गावकऱ्यांच्या भाषेत आणि त्यांच्यातल्याच माणसांनी द्यावी, असा त्यांचा आग्रह होता.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी बाई गेल्या. त्यांच्या थडग्यावर पूर्ण नावही नाही, फक्त आद्याक्षरं आणि सालं. आरोग्य साक्षरता हा शब्द फार पुढे, १९७४ मध्ये वापरात आला. आज नर्सिंगच्या मुलींना शिकवतात, की रोग्याला सांगितलेलं त्याच्याकडून त्याच्या शब्दांत पुन्हा वदवून घ्या. परीक्षा रोग्याची नसते, आपण नीट सांगितलं का याची असते.

बँकेत मी जन्मभर कर्जाच्या अटी वाचून दाखवल्या आणि समजलं का म्हणून विचारलं. माणसं हो म्हणाली, कारण साहेबाला नाही कसं म्हणायचं? त्यांतल्या कितीजणांना खरोखर समजलं होतं, हे आता कुणाला विचारू?

आईच्या गोळ्या मात्र मार्गी लागल्या. सिस्टरांनी जेवण हा शब्दच काढून टाकला. सकाळची पूजा आटोपली की एक, संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की एक. उपासाच्या दिवशीही दिवा चुकत नव्हता, गोळीही चुकली नाही.