मियासच्या नदीवर : आल्फ्रेड रसेल वॉलेस

१८६२ सालच्या आरंभी एक उंच, दाढीवाला इंग्रज मुंबईत आठवडाभर मुक्कामाला होता. वय चाळिशीच्या आत, पण आठ वर्षं पूर्वेकडच्या बेटांवर ताप, ऊन आणि उपास काढून आलेला. त्याच्याजवळ पिंजऱ्यात दोन जिवंत स्वर्गपक्षी होते. सिंगापुरात शंभर पौंड मोजून त्याने ते घेतले होते आणि लंडनपर्यंत स्वतः सांभाळून न्यायचे होते. मुंबईत थांबण्याची कारणं दोन : प्रवासात जरा विसावा मिळावा, आणि पक्ष्यांसाठी केळ्यांचा ताजा साठा करता यावा. पक्षी भात, केळी आणि झुरळं खात. पुढे माल्टाला एका पावाच्या भट्टीत झुरळांचा सुकाळ सापडला, तेव्हा गृहस्थाने बिस्किटांचे रिकामे डबे भरून ती बरोबर घेतली! पक्षी लंडनला सुखरूप पोहोचले.

हा आल्फ्रेड रसेल वॉलेस. उत्क्रांती म्हटलं की आपल्याला डार्विन आठवतो. त्याच विचारापाशी स्वतंत्रपणे पोहोचलेला हा दुसरा माणूस बहुतेकांना ठाऊक नसतो. मलाही नव्हता. नोकरीतून निवृत्त झाल्यावर लेकीने आणि जावयांनी आम्हां उभयतांना बोर्निओला नेलं, तीन दिवस नदीतल्या होडीवरच राहायचं होतं, आणि लेकीच्या पिशवीत वॉलेसचं जुनं प्रवासवर्णन होतं. होडीच्या फळ्यांवर मच्छरदाणीत पडून मी ते वाचलं. हा लेख त्या वाचनातून आला.

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३चा, वेल्समधल्या अस्क गावाजवळचा. मोठं कुटुंब, वडिलांच्या हातून पैसा निसटत गेलेला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती कायमची. थोरला भाऊ विल्यम जमीनमोजणीची कामं करी, त्याच्या हाताखाली हा साखळी ओढत रानोमाळ हिंडला आणि त्या हिंडण्यात झाडापानांचा नाद लागला. १८४४ साली लेस्टरच्या एका शाळेत शिक्षकी करताना हेन्री बेट्स नावाचा भुंगेरे गोळा करणारा तरुण भेटला. दोघांनी मिळून ठरवलं की दक्षिण अमेरिकेला जायचं, कीटक-पक्षी जमवायचे, एकेक नमुना स्वतःसाठी ठेवून बाकीचे लंडनच्या दलालामार्फत विकायचे आणि त्यावर पोट भरायचं. डार्विनच्या मागे वडिलांची इस्टेट होती. वॉलेसला मात्र पुढच्या महिन्याचा तांदूळ या महिन्याच्या भुंगेऱ्यांतून काढायचा होता. त्याच्याविषयी मत बनवताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

१८४८ ते १८५२ ही चार वर्षं ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेली. रिओ नेग्रो आणि तिच्याही पलीकडे वाउपेस नदीवर तो डोंगीतून गेला. मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट पारा बंदरात पीतज्वराने वारला. परतीच्या वाटेवर ६ ऑगस्ट १८५२ला भर समुद्रात जहाजाला आग लागली. चार वर्षांचा संग्रह, वह्या, बरोबरची जिवंत माकडं आणि पोपट, सगळं त्या आगीत गेलं. एक पोपट तेवढा पाण्यात पडला म्हणून वाचला. उघड्या होडीत दहा दिवस काढल्यावर दुसऱ्या जहाजाने या लोकांना उचललं. हातात पत्र्याच्या एका पेटीत मासे आणि ताडमाडांची थोडी चित्रं उरली होती.

दुसरा कोणी असता तर दारं लावून बसला असता. याने लंडनला पोहोचून अडीच महिन्यांत, डिसेंबरमध्ये, प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे ॲमेझॉनच्या माकडांवर निबंध वाचला. एकवीस जातींची माकडं त्याने पाहिली होती. निबंधातला मुद्दा साधा आणि फार मोलाचा होता : ॲमेझॉन, रिओ नेग्रो आणि मादेइरा या मोठ्या नद्या माकडांच्या सरहद्दी आहेत. एका काठावर ज्या जातीचे कळप सापडतात ती दुसऱ्या काठावर औषधालाही मिळत नाही. तिथल्या शिकाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. अमुक माकड हवं असलं की ते नदी ओलांडून जातात. उगमाकडे नदी अरुंद झाली की ही सरहद्द पुसट होते. संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवर मात्र नुसतं ब्राझील, पेरू असं लिहिलेलं असे. कुठल्या नदीचा कुठला काठ, हे कोणी विचारतच नव्हतं. प्राणी कुठे राहतो यावरून तो कसा घडला हे कळेल, ही वॉलेसची पुढच्या साऱ्या आयुष्याची वाट इथे सुरू होते.

१८५४ साली तो सिंगापूरला उतरला आणि नोव्हेंबरात बोर्निओच्या सारावाकला गेला. तिथे जेम्स ब्रुक नावाचा इंग्रज राजा होऊन बसला होता. त्याने आसरा दिला. मार्च १८५५मध्ये सादोंग नदीला मिळणाऱ्या सिमुंजन नदीवर, एका नव्या कोळशाच्या खाणीपाशी वॉलेसने झोपडी घातली आणि तिथे जवळजवळ नऊ महिने राहिला. खाणीसाठी जंगल तोडलं जात होतं, त्यामुळे पडलेल्या ओंडक्यांवर भुंगेरे मुबलक. चिनी आणि डायाक मजुरांना तो दर किड्यामागे एक सेंट देई. पण त्याला खरी ओढ होती मियासची. ओरांगउटानला तिथले लोक मियास म्हणतात. येऊन आठवडा झाला नाही तोच पहिला मियास दिसला.

याच मुक्कामात त्याने तो नदीप्रवास केला. वरच्या अंगाला सेमाबांग नावाच्या ठिकाणी मियास पुष्कळ आहेत असं कळल्यावर तो छोट्या होडीतून मलायी नावाड्यांबरोबर निघाला. समुद्रापर्यंतचा तो सगळा मुलूख म्हणजे पाण्यात उभं असलेलं जंगल. काठावर माकडं दिसत होती, त्यांत ते विलक्षण लांब नाकाचं माकडही : अंगाने तीन वर्षांच्या मुलाएवढं, शेपूट लांबलचक आणि नाक कुठल्याही नाकाड्या माणसाला लाजवील असं. वर जावं तशी नदी अरुंद आणि नागमोडी होत गेली. आडवी पडलेली झाडं, वरून एकमेकांत गुंतलेल्या वेली तोडत वाट काढायची. मैलोन् मैल दोन्ही काठांची झुडपं हाताला लागत. केवड्याच्या जातीची झाडं पाण्यातच वाढून प्रवाहावर कलंडलेली. आपण गणपतीला वाहतो त्या केवड्याचेच हे भाऊबंद, पण होडी अडवणारे. कुठे तरंगत्या गवताने सारं पात्र भरून गेलेलं. सेमाबांगला पोहोचायला दोन दिवस लागले आणि तेवढ्या वाटेत कोरडी जमीन जवळपास दिसलीच नाही.

धक्क्याजवळ डायाकांचं खांबांवर उभारलेलं २५० फूट लांबीचं एकच घर होतं. बहुतेक मंडळी मेण आणि पाकोळ्यांची घरटी गोळा करायला गेलेली. घरात दोन-तीन म्हातारी माणसं आणि पोरांचा गलका. जवळच्या टेकडीवर दुरियान आणि मँगोस्टीनची दाट झाडी. दुरियान म्हणजे काटेरी, उग्र वासाचं, फणसाची आठवण करून देणारं फळ. वॉलेस त्याचा मोठा भक्त आणि मियासही. तीन दिवस रोज हिंडूनही मियास दिसला नाही. चौथ्या दिवशी उंच दुरियानवर एक खाताना सापडला. आठ गोळ्या लागल्या तेव्हा तो मेला, पण हातांनी फांदीला लटकूनच राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे वॉलेस परत गेला तेव्हा तो झाडाखाली पडलेला होता.

इथे वाचताना मी पुस्तक मिटलं होतं. लेकीने विचारलं, बाबा, काय झालं? मी काहीच बोललो नाही. ज्याला बघायला आपण इतक्या लांब आलो, त्याला हा माणूस गोळ्या घालत होता. ताज्या मारलेल्या सतरा ओरांगउटानांची मोजमापं त्याने घेतली. त्यातून कळलं की सर्वांत मोठा नर उंचीला चार फूट दोन इंचच भरतो, पसरलेले हात मात्र सात फुटांच्या वर जातात. पाच-सहा फुटी मियासच्या कहाण्या खोट्या ठरल्या. रोज रात्री तो नवं घरटं बांधतो, घाई न करता फांदीवरून फांदीवर चालतो आणि तरी खालचा माणूस धावत सुटला तरच बरोबरीने राहतो, डायाकांच्या सांगण्याप्रमाणे मगर आणि अजगर सोडून कोणी त्याच्या वाटेला जात नाही, हे सगळं जगाला नीट कळलं ते वॉलेसमुळे. त्या काळात जाणून घ्यायचं म्हणजे मारायचं, हीच रीत होती. हे मला पटतं आणि तरी त्या आठ गोळ्या मला खुपतात.

वॉलेसलाही काही खुपलं असावं, असं वाटायला जागा आहे. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने एक मादी मारली. तिला उचलताना चिखलात पालथं पडलेलं फूटभर लांबीचं पिलू दिसलं. तोंडातला चिखल काढताच ते रडू लागलं. घरी नेताना त्याने वॉलेसच्या दाढीत बोटं अशी रुतवली की सोडवता सोडवेनात. आईचे केस धरायची ती सवय. पिलाला एकही दात नव्हता. दूध कुठून आणायचं? मलायी, चिनी, डायाक, कोणाकडेच दुधाचा वापर नाही. मग बाटलीच्या बुचात पिसाची नळी खोचून भाताची पेज पाजली. कधी त्यात साखर आणि नारळाचं दूध. पेटीचा पाळणा केला, रोज आंघोळ, रोज चटई बदलणं, केस विंचरणं. धरायला काहीतरी हवं म्हणून म्हशीच्या कातड्याचं गाठोडं करून खोटी आई टांगली. पिलू तिला बिलगलं, स्तन शोधू लागलं आणि तोंडात केसांचे बोळे जाऊन गुदमरायला लागलं. ती आई उसवावी लागली. पुढे सोबतीला माकडाचं एक पिलू आणून दिलं, दोघांचं छान जमलं. पण दूध नाही ते नाहीच. दात आले, वाढ मात्र तसूभरही झाली नाही. शेवटी ताप आणि सूज येऊन, जवळजवळ तीन महिने जगून ते गेलं. वजन साडेतीन पौंडांच्या थोडं वर.

त्याला वाढवून इंग्लंडला न्यायचं वॉलेसच्या मनात होतं. त्याने हळहळ लिहून ठेवली, आणि पुढच्याच वाक्यात कातडं आणि सांगाडा जपून ठेवल्याचंही. हाडं साफ करताना त्याला कळलं की झाडावरून पडताना पिलाचा एक हात आणि एक पाय मोडला होता. तो आपोआप सांधला होता. वॉलेसला अंगावर नुसत्या गाठी जाणवल्या होत्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. सारावाकमध्ये भेटलेला अली हा मलायी मुलगा शेवटपर्यंत त्याचा उजवा हात राहिला. १८५६ साली बाली आणि लोंबोक या शेजारच्या बेटांवरचे पक्षी वेगळे का, या प्रश्नातून आशियाई आणि ऑस्ट्रेलियाई प्राण्यांमधली सीमारेषा त्याला दिसली. ती आज त्याच्या नावाने ओळखली जाते. १८५८मध्ये हिवतापाने फणफणलेला असताना नैसर्गिक निवडीचा विचार सुचला, तो त्याने लिहून डार्विनला पाठवला. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं. वॉलेस तेव्हा न्यू गिनीत होता, त्याला कोणी विचारलंही नव्हतं. त्याने याचा कधी आकस धरला नाही. सव्वा लाख नमुने घेऊन परतल्यावर १८६९मध्ये प्रवासवर्णन निघालं, ते त्याने डार्विनलाच अर्पण केलं. पैशाची विवंचना सुटली नाही. १८८१मध्ये सरकारी निवृत्तिवेतन मिळालं ते डार्विनच्या खटपटीने, आणि पुढच्या वर्षी डार्विनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वॉलेस होता. पुढे मृतात्म्यांशी बोलणाऱ्यांच्या नादी लागला, देवीच्या लशीला विरोध केला. थोर माणसंही कुठे कुठे चुकतात. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी, नव्वदीत, तो वारला.

आम्ही गेलो ती नदी वॉलेसची नव्हे. ती बोर्निओच्या दक्षिणेला, इंडोनेशियात, तांजुंग पुतिंगच्या उद्यानातली सेकोनियर. तिच्या एका काठाला राखलेलं जंगल, दुसऱ्या काठामागे काही अंतरावर तेलताडाची लागवड. नदी इथेही सरहद्दच, फक्त निराळ्या कारणाने. बोर्निओचा ओरांगउटान २०१६पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. संध्याकाळी लांब नाकाची माकडं निजायला काठावरच्या झाडांवर येऊन बसली, ती अगदी वॉलेसने लिहिल्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि बोटाने वर दाखवलं. फांदीवर एक मादी कोवळी पानं खात होती. ती शांतपणे पुढच्या झाडावर गेली तेव्हा तिच्या कुशीतलं पिलू दिसलं. दोन्ही मुठींत तिचे तांबडे केस घट्ट धरलेले होते. सौ. म्हणाली, पडणार नाही ना हो ते? होडीवाल्याला मराठी कुठून कळणार, पण तो हसला आणि त्याने मान हलवली.