निल्स बोलिन

इंदापुराहून भिगवणमार्गे पुण्यास निघालेला मनुष्य मोटारीत बसताच छातीवरून जो पट्टा आडवा घेतो, तो स्वीडन देशातील एका यंत्रज्ञाची देणगी होय, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

निल्स बोलिन यांचा जन्म १७ जुलै १९२० रोजी हेर्नेसांद या गावी झाला. यंत्रविद्येची पदविका घेऊन ते १९४२ साली साब या विमानांच्या कारखान्यात रुजू झाले. तेथे त्यांजकडे मोठे विलक्षण काम आले. विमान कोसळू लागले असता वैमानिकास आसनासह बाहेर फेकावयाचे, आणि तरीही त्यास जिवंत ठेवावयाचे! मनुष्यदेह एका क्षणात केवढा धक्का सोसू शकतो, याचा अभ्यास त्यांस येथेच घडला.

व्होल्वो कंपनीचे प्रमुख गुन्नार एंगेलाउ यांचा एक आप्त मोटार-अपघातात दगावला होता. त्यांनी १९५८ साली बोलिन यांस बोलावून घेतले. त्या काळी मोटारीत पट्टा असलाच तर तो बहुधा केवळ पोटावरून बांधीत. टक्कर होताच तो पोटातील इंद्रियांस इजा करी, आणि मस्तक मोकळेच पुढे आपटे.

वैमानिक जिवाच्या भयाने कसलाही पट्टा मुकाट्याने बांधून घेतो; सामान्य मनुष्यास क्षणाचीही अडचण खपत नाही, हे बोलिन यांनी ओळखले होते. आमच्या मते त्यांची खरी परीक्षा येथेच होती. सुमारे एका वर्षात त्यांनी एका हाताने लावता येईल असा पट्टा सिद्ध केला. एक पदर खांद्यावरून छातीवर येतो, दुसरा कमरेवरून. दोन्ही कमरेच्या बाजूस खाली एकत्र येतात. गाडी एकाएकी थांबली तरी आतील देह पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. त्याचा भार हा पट्टा बरगड्या व कटीचे हाड या बळकट भागांवर वाटून देतो, आणि स्वतः किंचित ताणून धक्का सौम्य करतो.

१९५९ साली असे पट्टे बसविलेल्या मोटारी स्वीडनमध्ये विक्रीस आल्या. १९६२ साली अमेरिकेचे पेटंट मिळाले. तथापि व्होल्वोने ही युक्ती इतर सर्व कारखान्यांस मोकळी करून दिली. १९६७ साली बोलिन यांनी २८,००० अपघातांची छाननी मांडली. ताशी ६० मैलांच्या आतील वेगात पट्टा बांधलेला एकही मनुष्य मेला नव्हता. न बांधलेले सर्वच वेगांत दगावले होते.

पुढे एअरबॅग आली. भारतात २०१९ पासून नव्या मोटारीत चालकापुढे ती असावीच लागते. पण ती पट्ट्याची केवळ सोबतीण. निमिषाहूनही कमी वेळात ती फुगते. पट्ट्यावाचून पुढे झेपावलेल्या मनुष्यास तिचाच तडाखा बसू शकतो.

आमच्या बारामती-इंदापूर भागात मागील आसनाचे पट्टे बहुधा सीट-कव्हरखाली दडलेले असतात, आणि लग्नसराईत लेकरू आईच्या मांडीवर. आम्हीही कित्येक वर्षे असेच प्रवास केले. अखेर बक्कल बाहेर काढण्यास कव्हर उसवावे लागले, तेव्हा घरच्या मुलांनी आम्हांस पुष्कळ हसून घेतले. मागे मोकळा बसलेला मनुष्य टक्करीत पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

बोलिन १९८५ साली निवृत्त झाले. २१ सप्टेंबर २००२ रोजी स्वीडनमध्ये त्यांचे देहावसान झाले. त्याच दिवशी अमेरिकेतील ॲक्रन शहरी, थोर संशोधकांच्या मालिकेत त्यांचे नाव दाखल करण्यात येत होते.